मालकाची हरकत नाही

"माणूस जमिनीचा मालक नसतोच, ग्लेंडा. जमीनच माणसाला काही काळ आपल्यापाशी ठेवून घेते. चारशे वर्षांच्या अखंड शांततेने आजपासून मला ठेवून घेतलं आहे," स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मॉरिस हक्स्टेप म्हणाला.

"त्या शांततेचा चिखल लागलाय तुझ्या बुटांना," त्याची बायको म्हणाली. "बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसलीय मी."

मॉरिसने बूट बाहेर काढले. उरलेले भाषण मोज्यांवर पुरे करावे असे त्याच्या मनात होते. पण मोज्याच्या भोकातून अंगठा डोकावत असताना चारशे वर्षांविषयी बोलणे अवघड असते. त्याने चहा घेतला आणि तो गप्प बसला.

गप्प बसण्याची त्याला सवय होती. एकतीस वर्षे तो गाडी चालवण्याची परीक्षा घेणारा सरकारी परीक्षक होता. "पुढच्या चौकात डावीकडे वळा" एवढेच बोलायचे, मांडीवरच्या कागदावर खुणा करायच्या आणि गाडी थांबेपर्यंत निकाल चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही, हे त्याचे काम. एकतीस वर्षांत त्याच्या शेजारी बसलेल्या प्रत्येक माणसाला घाम फुटला होता. बाजारात कोणी ओळखीचे दिसलेच, तर ते मान वळवून मांजरांच्या खाण्याच्या डब्यांवरचा मजकूर वाचू लागे. घरी मांजर नसले तरी. निवृत्तीच्या दिवशी एका सहकाऱ्याने भाषणात सांगितले, की मॉरिसबद्दल कधी कोणाची तक्रार आली नाही. त्यावर बाकीच्यांनी आपापल्या केककडे पाहिले.

कोल्डहार्बर नावाचे रान एका जुन्या इस्टेटीने विकायला काढले, तेव्हा दलालाने त्याचे नऊ तुकडे पाडले आणि हद्दीवर निळ्या टोकाच्या खुंट्या ठोकल्या. इसवी सन सोळाशेच्या आधीपासून जे रान कधी मोडले गेले नाही, त्याला आमच्या इंग्लंडात प्राचीन म्हणतात. सोळाशे एकचे असेल तर ते नुसतेच जुने. मॉरिसने घेतला तो तुकडा क्रमांक सात. साडेतीन एकर. नऊ ओक, बाकी सगळी हेझलची, म्हणजे एका बुंध्यातून अनेक सरळ काठ्या फुटणारी झाडे, आणि मधून एक ओढा, जो उन्हाळ्यात रजेवर जातो. मधोमध उभे राहिले की एका अंगाला हमरस्त्याची घरघर ऐकू येते. डोळे मिटले तर ती समुद्रासारखी वाटते, असे दलाल म्हणाला होता. सोबत नियमांची यादी होती: घर बांधायचे नाही, कॅराव्हॅन उभी करायची नाही, बंदूक नाही, मोटारसायकल नाही. मॉरिसला यादी इतकी आवडली की त्याने ती दोनदा वाचली आणि मग रान बघायला गेला.

त्याला खरे काय हवे होते, ते त्याने ग्लेंडालाही सांगितले नव्हते. आपण आलेले पाहून कोणाचा चेहरा पडणार नाही अशी एक जागा त्याला हवी होती. झाडांचा पडत नाही.

नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारी तो घडीची खुर्ची, थर्मास आणि नवा कोरा कोयता घेऊन आपल्या रानात शिरला. चाळीस पावले गेल्यावर त्याच्या पायाखाली काहीतरी मोडले.

"पाय बघून टाका हो," आवाज आला. "तासभर लावून रचल्यात त्या काठ्या."

ओंडक्यावर एक म्हातारी बाई बसली होती. डोक्याला लोकरी टोपी, अंगात पुरुषी कोट, हातात झिजून बोटभर उरलेला कोयता. पुढ्यात हेझलच्या काठ्यांचे तीन ढीग: लांब, मध्यम आणि मॉरिसने तुडवलेला.

"सॉरी," मॉरिस म्हणाला.

इथेच सगळे चुकले. स्वतःच्या जमिनीत परक्या माणसाला सॉरी म्हटल्यावर पुढे "ही जमीन माझी आहे" असे म्हणायला जागा उरत नाही. दुसऱ्या एखाद्या देशात उरत असेल. आमच्याकडे एकदा सॉरी म्हटले की ते शेवटपर्यंत निभवावे लागते.

"वाट चुकलात का?" बाईने विचारले.

"नाही. असाच चाललो होतो."

"खुर्ची घेऊन?"

मॉरिसने खुर्चीकडे असे पाहिले, जणू ती त्याच्या मागे मागे आली होती.

"बरं, आणलीच आहे तर बसा," बाई म्हणाली. "खाजगी आहे म्हणा रान. पण नवा मालक काही यायचा नाही. लंडनचा असणार. हे लोक रान घेतात, फोटो काढतात, झुला टांगतात, नावाची पाटी ठोकतात आणि पावसाळी बूट महाग मिळाले म्हणून रडत परत जातात. तुम्ही कुठले?"

"हेल्शमचा."

"मग ठीक आहे."

मॉरिसच्या गाडीत त्या वेळी एक झुला होता. ओकच्या फळीवर कोरून घेतलेली 'हक्स्टेपचे रान' अशी पाटीही होती. त्याने थर्मास उघडला आणि बाईला चहा दिला. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

तिचे नाव हेस्टर एकहर्स्ट. वय एकोणऐंशी. लग्न केले नव्हते. "विचारलं होतं दोघांनी, पण दोघंही बोलायचे फार," असे तिचे म्हणणे. दर सोमवारी आणि गुरुवारी ती बसने यायची आणि हिवाळाभर हेझल तोडायची. बापाच्या हाताखाली शिकली होती आणि बाप गेल्यापासून, म्हणजे एक्कावन्न वर्षे, एकटीच येत होती. इस्टेटीने कधी हटकले नाही, तिने कधी विचारले नाही. काठ्या गावातल्या भाजीच्या वाफ्यांवर जायच्या. मे महिन्यात घेवड्याचे वेल त्यांच्यावर चढायचे.

"हे झाड तोडलं नाही तर मरतं," तिने पहिल्याच दिवशी सांगितले. "बुंध्याशी तोडलं, की धुमारे फुटतात. आठ वर्षांनी पुन्हा तोडायचं. रानाचे आठ भाग केलेत मी, दर हिवाळ्याला एक. तो खुंट बघा, हजार वर्षांचा तरी असेल. कोणीतरी सतत तोडत आलं म्हणून जगला. न तोडता कौतुक करत बसले असते, तर कधीच गेला असता."

"तोडायचं कसं?"

"तुमच्या त्या दुकानी कोयत्याने? नाहीच तोडायचं. हा घ्या माझा."

मॉरिसने गुडघ्याच्या उंचीवर घाव घातला. बाईने डोळे मिटून घेतले.

"खाली. अजून खाली. जमिनीला लागून. आणि तिरका, म्हणजे पाणी साचत नाही. जोर कशाला लावताय? त्याने तुमचं काय वाकडं केलंय?"

एकतीस वर्षांत मॉरिसला कोणी चूक सांगितली नव्हती. ती सांगण्याचा पगार त्यालाच मिळत होता. घरी जाताना गाडीत त्याच्या लक्षात आले, की आपण शीळ घालतो आहोत. त्याने ती बंद केली, कारण गाडी चालवताना लक्ष विचलित होते.

गुरुवारी तो पुन्हा गेला. मग सोमवारी. नाताळाच्या सुमाराला हेस्टर त्याला मॉरिस म्हणू लागली आणि उशीर झाला तर बोलू लागली.

"सव्वानऊ झाले, मॉरिस. झोप झाली का तुझी?"

"हमरस्त्यावर गर्दी होती."

"म्हणून सांगते, बस बरी. मी गाडी शिकले होते एकदा. परीक्षेत एका मेल्याने नापास केलं. आरसा बघितला नाही म्हणे. माझ्या मागे कुत्रंसुद्धा नव्हतं."

मॉरिसचा हात कोयत्यावर थांबला. "कुठल्या साली?"

"बहात्तर."

मॉरिस बहात्तर साली शाळेत होता. तो पुन्हा तोडू लागला.

जानेवारीपासून तोडायचे काम बहुतेक त्याच्याकडेच आले. हेस्टर ओंडक्यावर बसून काठ्या निवडायची, गड्ड्या बांधायची आणि नावे ठेवायची. अधूनमधून मालकाचाही उद्धार होई. मालकाने हिवाळ्यात एकदाही तोंड दाखवले नाही, याचा तिला आनंद होता आणि रागही होता. "एवढं सुंदर रान घेऊन ठेवलंय, आणि बघायला यायला नको?" ती म्हणायची. मालक समोर उभा राहून तिच्या गड्ड्या खांद्यावर घ्यायचा आणि बसथांब्यापर्यंत पोचवायचा.

सांगावे, असे त्याला रोज वाटे. फाटकापाशी गाडी लावताना तो वाक्य जुळवायचा. पण सांगितले, की ती पाहुणी होणार आणि आपण यजमान. मग उशीर झाला म्हणून कोण रागावणार? परीक्षा चालू असताना उमेदवाराला काही सांगायचे नसते, या नियमाचा त्याने आधार घेतला. इथे उमेदवार कोण, हे मात्र त्याने तपासले नाही.

"मला कधी दाखवणार तुझी शांतता?" ग्लेंडा विचारायची.

"आत्ता फार चिखल आहे."

"मॉरिस, तुझी तिकडे कोणी बाई तर नाही ना?"

"आहे. एकोणऐंशी वर्षांची."

"मग डबा जास्तीचा देत जाऊ का?" ग्लेंडाने विचारले, आणि त्या आठवड्यापासून चीजच्या सँडविचची संख्या दुप्पट झाली.

मार्चमध्ये तुकडा क्रमांक सहाचा मालक जागा झाला. मिस्टर लवग्रोव्ह नावाचा हा दातांचा डॉक्टर. त्याच्या रानात चार झुले होते. नऊ मालकांचा फोनवर एक गट होता आणि त्यात आजवर फक्त पक्ष्यांचे फोटो येत. लवग्रोव्हने मॉरिसला फोनच केला.

"हक्स्टेप, तुमच्या तुकड्यात एक म्हातारी लाकूड तोडते. बरोबर तिचा एक गडीही असतो. तुम्हाला कल्पना आहे?"

"आहे," मॉरिस म्हणाला. गड्याबद्दल तो काही बोलला नाही.

"किती वर्षं चाललंय हे?"

"एक्कावन्न."

"अहो, मग वहिवाटीचा हक्क सांगेल ती. न विचारता, उघड उघड, इतकी वर्षं. उद्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर बसेल. दोनच उपाय. हाकलून द्या, नाहीतर लेखी परवानगी द्या. एकदा परवानगी दिली, की वहिवाट संपली. तुम्ही करता, की मी माझ्या वकिलाला सांगू?"

मॉरिसने दोन उपायांतला सौम्य उपाय निवडला. कोणीही सभ्य माणसाने तोच निवडला असता. त्याने स्वच्छ अक्षरात लिहिले: 'मिस एच. एकहर्स्ट यांनी या रानात काठ्या तोडण्यास व नेण्यास मालकाची हरकत नाही.' खाली 'मालक' अशी सही केली, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि बुधवारी संध्याकाळी फाटकाला अडकवला. आता लवग्रोव्हच नव्हे, त्याचा वकीलही तिला उठवू शकणार नाही. आपण एक चांगले काम केले, या समाधानात तो झोपला.

गुरुवारी तो नऊच्या आधी पोचला. हेस्टर फाटकाबाहेर उभी होती. आत गेली नव्हती.

"वाच," ती म्हणाली.

मॉरिसने वाचल्यासारखे केले. "बरंच आहे की. हरकत नाही म्हणतोय."

"हरकत नाही. माझा बाप इथे तोडत होता तेव्हा ह्याचा बाप लंगोटात होता, आणि ह्याची हरकत नाही. कोणी विचारलं होतं ह्याला?" तिचा आवाज चढला नव्हता. "हाकललं असतं तर बरं होतं. भांडले असते. एक्कावन्न वर्षं मी माझ्या कामावर येत होते, मॉरिस. आज आत पाऊल टाकलं, की मी ह्याच्या मेहेरबानीवर येणार. ह्याने उद्या कागद काढून घेतला, की संपलं. मूर्ख नाही हो माणूस. चांगला पक्का आहे."

"त्याच्या मनात तसं नसेल."

"तुला काय ठाऊक त्याच्या मनात काय आहे ते?"

मॉरिसने हात पुढे केला, पिशवी फाटकावरून ओढली आणि कागदाचे चार तुकडे केले.

हेस्टर दचकून मागे सरली. "अरे, काय करतोस? दुसऱ्याची नोटीस फाडतात का अशी? गुन्हा आहे तो."

"माझीच आहे."

"काय तुझं?"

"नोटीस. आणि रान."

हमरस्ता समुद्रासारखा वाजत होता. हेस्टरने तोंडातल्या तोंडात महिने मोजले.

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"आणि मी विचारलं, वाट चुकलात का, तर नाही म्हणालास."

"चुकलो नव्हतो."

"मालक आहे, असंही नाही म्हणालास."

"मी तुमच्या काठ्या तुडवल्या होत्या," मॉरिस म्हणाला.

हे कारण तिला पुरेसे वाटले असावे, कारण त्यावर तिने वाद घातला नाही. कोयत्याला चामड्याची खोळ चढवली, पिशवी उचलली आणि कोटाची बटणे वरपर्यंत लावली.

"निघते मी, मिस्टर हक्स्टेप. आतापर्यंत तुमचा वेळ घेतला. हिवाळाभर तुम्ही जड गड्ड्या उचललात, त्याबद्दल आभारी आहे. बसची वेळ झाली."

बसला एक तास दहा मिनिटे होती. तिने शिवी दिली असती तर मॉरिसला घरी जाऊन चहा घेता आला असता. आभार घेऊन तो गाडीत जाऊन बसला. थांब्यावर ती पाठ ताठ करून बसलेली त्याला गाडीतून दिसत होती. त्याने गाडी पुढे नेली नाही, कारण तिच्यासमोरून जावे लागले असते. ती सगळी एक तास दहा मिनिटे तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला.

सोमवारी ती आली नाही. गुरुवारीही नाही. मॉरिसने एकट्याने त्या वर्षीचा भाग पुरा केला, बुंध्याशी आणि तिरका. एप्रिलमध्ये मोकळ्या झालेल्या जमिनीवर ऊन पडले आणि निळ्या फुलांचा असा गालिचा उठला, की फोनवरच्या गटात लवग्रोव्हने त्याचे अकरा फोटो टाकले. सगळे हद्दीच्या खुंटीपलीकडून काढलेले. ग्लेंडा बघायला आली. फार सुंदर आहे, म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून तिने विचारले, "आणि ती कुठे आहे?"

मॉरिसने सगळे सांगितले. ग्लेंडाने मधे एकदाही थांबवले नाही.

"म्हणजे एका बाईला तुझा कंटाळा आला नव्हता," ती शेवटी म्हणाली, "आणि तू तिला कागद लिहून दिलास."

"हो."

"मग आता दुसरा लिही. आणि ह्या वेळी फाटकाला लावू नकोस. घेऊन जा."

तो कागद लिहायला मॉरिसला तीन दिवस लागले. दुसऱ्या शनिवारी तो कोट आणि टाय घालून हेस्टरच्या दारात उभा राहिला. वळणावरच्या तीन जोडघरांपैकी मधले. दार उघडायला बराच वेळ लागला. आतून आधी काठीचा आवाज आला, मग ती.

"कोणी वारलं का?" टायकडे बघून तिने विचारले.

"नाही. मला हे वाचून दाखवायचंय."

"मग वाचा. उभ्याने ऐकते. बसलं, की उठायची पंचाईत."

मॉरिसने घसा साफ केला. "मी, मॉरिस एडविन हक्स्टेप, कोल्डहार्बर रानातील तुकडा क्रमांक सातचा कागदोपत्री मालक, मिस हेस्टर एकहर्स्ट यांच्याकडे सदर रानात काठ्या तोडण्याची परवानगी मागत आहे. तोडणी त्यांच्या वहिवाटीनुसार, आठ भागांत, त्या सांगतील त्या क्रमाने होईल. त्यांनी परवानगी नाकारल्यास मी तोडणार नाही. सदर रान माझे असले तरी काम त्यांचे आहे, हे मला मान्य आहे." त्याने कागद खाली घेतला. मान वर केली नाही. "वकिलाला दाखवला. तो म्हणाला, कायद्यात याला काही अर्थ नाही. मी म्हटलं, असू दे."

हेस्टरने कागद घेतला, लांब धरला, डोळे बारीक करून सही पाहिली.

"त्या नोटिशीचा राग आला होता मला," ती म्हणाली. "पण तो राग रविवारपर्यंतच टिकला. सोमवारी बसला गेले. पायरीवर पायच उचलेना. ड्रायव्हर उतरून आला बिचारा हात द्यायला, तेव्हा म्हटलं, नको, जा तू. गुडघा गेलाय, मॉरिस. जानेवारीपासूनच गेला होता. तू तोडत होतास, मी बसून होते. तुझ्या लक्षात नाही आलं?"

एकतीस वर्षे मॉरिस माणसाची मान, नजर, हात आणि पाय बघत आला होता. जानेवारीपासून तिने एकही घाव घातला नव्हता, हे त्याला आत्ता दिसत होते.

"मी गाडीने नेईन तुम्हाला," तो म्हणाला. "सोमवारी आणि गुरुवारी."

"आणि तिथे काय करू? फुलांचे फोटो काढू?" ती म्हणाली, पण चिडून नाही. "नको. मला ते रान कामाचंच माहीत आहे. नुसतं बसायला जायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरी गेल्यासारखं होईल."

तिने कागदाची घडी घातली, दिवाणखान्यात जाऊन घड्याळामागे खोचली आणि भिंतीला धरत धरत परत आली.

"ओढ्याकडचा कोपरा ह्या हिवाळ्यात. पानं गळल्याशिवाय हात लावायचा नाही."

"म्हणजे परवानगी आहे?"

"बघू या. आधी कसं तोडतोस ते कळू दे मला."

मॉरिस दारातच उभा राहिला. जमीन आणि माणूस यांच्याबद्दल त्याच्याकडे आणखी एक वाक्य तयार होते. तो ते मनात जुळवत होता. हेस्टर त्याच्या खांद्यावरून बाहेर बघत होती.

"मॉरिस, जाता जाता तेवढा कचऱ्याचा डबा रस्त्याला लावतोस का? हिरवा. काळ्याची गाडी पुढच्या आठवड्यात येते."